मायसेल घडवण्याचे दोन मार्ग: आम्ल की निवडक द्रावक?

पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनिलपिरिडीन यांच्या ब्लॉक कोपॉलिमरचे (दोन वेगळ्या पॉलिमरचे खंड टोकाला टोक जोडून झालेल्या साखळ्यांचे) मायसेल, म्हणजे अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन झालेले गाभा आणि आवरण असलेले सूक्ष्म पुंजके, सेंद्रिय द्रावकात दोन प्रकारे घडवता येतात. टोल्युइनसारखे निवडक द्रावक, म्हणजे एकच खंड विरघळवणारे द्रावक, घेतल्यास पिरिडीनचा खंड त्यात विरघळत नाही, त्यामुळे तो आत दडून गाभा होतो आणि पॉलिस्टायरीन त्याभोवती पसरते. मात्र हा गाभा काचेसारखा घट्ट राहत असल्याने साखळ्यांची अदलाबदल जवळजवळ थांबते आणि मायसेलचा आकार ते कसे तयार केले यावर ठरतो.

टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात मात्र, पिरिडीनचा खंड 2-व्हिनिल प्रकारचा असल्यास, दोन्ही खंड सुट्या साखळ्यांच्या रूपात विरघळतात. त्यात हायड्रोजन क्लोराइड थोडे थोडे मिसळले की पिरिडीनच्या नायट्रोजनला प्रोटॉन चिकटतो, आणि पाण्याचा द्विविद्युत स्थिरांक (विरुद्ध विद्युतभारांमधली ओढ द्रावक किती कमी करते याचे माप) सुमारे 80 असताना या द्रावकाचा जेमतेम 7.5 असल्यामुळे क्लोराइड आयन दूर न जाता जोडीनेच राहतो. अशा आयन-जोड्या परस्परांना ओढून गाभा बांधतात आणि नितळ द्रावणावर निळसर झाक चढते. आम्ल जलीय असेल, तर सोबत आलेले पाणीही हिशेबात धरावे लागते, आणि हे बरेचदा विसरले जाते.

मायसेल हव्या त्या क्षणी घडवायचे असतील, तर मला आम्लाचा मार्ग सरस वाटतो, कारण ट्रायएथिलअमाइनसारखा आम्लारी घालून ते पुन्हा मोडताही येतात. फक्त त्यातून उरणारे क्षार गाळावे लागतात.