२४० डी आणि झेड४: आठ महिन्यांनंतर सगळं एका नळीवर येऊन अडलं

आठ महिने मर्सिडीज २४० डी आणि बीएमडब्ल्यू झेड४ या दोन जुन्या गाड्या वापरल्यावरचा हा अनुभव. झेड४मध्ये बटण दाबलं की रिले (विजेचा छोटा स्विच) टिकटिकतो आणि हूड, म्हणजे घडी होणारं कापडी छत, जागचा हलत नाही. ई८५, म्हणजे पहिल्या पिढीच्या झेड४वाल्यांना हे दुखणं नवं नाही. हूडच्या हायड्रॉलिक पंपाची मोटर बसवली आहे डावीकडे, घडी झालेला हूड ज्या खोबणीत बसतो तिच्या तळाशी. पावसाचं पाणी बाहेर जायची नळीही तिथंच. मोरीच्या तोंडावर मिक्सर ठेवावा तसं! जर्मनीत ऑक्टोबरमध्ये गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा चिखल नळीत बसतो, पाणी तुंबतं आणि मोटर बुडते. अधिकृत पद्धतीने बदलायची तर अख्खा हूड उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा ऐकून मोटर स्वस्त वाटायला लागते. म्हणूनच बरेच जण वायरी लांबवून ती डिकीत हलवतात.

हे टाळायला वर्षातून दोनदा हूड अर्धा उघडून थांबवायचा, हाताने पानं काढायची आणि नळीत गवतकापणीच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने फिरवायची. हवेचा दाब नको, नळी सांध्यातून निसटते. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडतंय ना, ते बघायचं. उजवी बाजूही सोडू नये.

कटकट मर्सिडीजची असणार असं सुरुवातीला वाटलं होतं. डब्ल्यू१२३चं, म्हणजे २४० डी ज्या मालिकेतली तिचं, डिझेल इंजिन बंद होतं व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतली हवा ओढून घेतल्यावर. गळती झाली की किल्ली काढली तरी ते आपलं धडधडत राहतं. पण शोध सोपा आहे. सेंट्रल लॉकिंग असेल तर त्याची व्हॅक्यूम लाइन बुजवून बघा. इंजिन लगेच बंद झालं तर दोष दाराच्या लॉकच्या डायफ्राममध्ये (रबरी पडद्यात) किंवा त्या बाजूच्या एखाद्या चिरलेल्या रबरी जोडात. तोवर बॉनेटखालचा ‘स्टॉप’ लिव्हर दाबायचा. व्हॉल्व्हची फट जुळवायची थंड इंजिनावर, इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी; फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि १४चे पाने असले की घरीच होतं.

वेगाबद्दल काय बोलायचं? मर्सिडीजचे ७२ पीएस (अश्वशक्ती) आहेत, चढावर मागचे लोक पुढे जाताना ओळख देऊन जातात. झेड४ ३.०आयचे २३१.

कराचा हिशेब मात्र गमतीचा. ३० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला जर्मनीत एच-पाटी (जुन्या गाड्यांची खास नंबर पाटी) मिळते आणि वर्षाला सरसकट १९१.७३ युरो लागतात. पाटी नसती तर याच डिझेलला ९०० च्या आसपास पडले असते. झेड४ ३.०आयला २०२.५०. म्हणजे म्हातारी इथेही ११ युरोंनी स्वस्त.

तरीही कोरड्या संध्याकाळी, दहाएक सेकंदांत हूड मागे गेला की हे आकडे आठवत नाहीत. झेड४ घ्यायचीच असेल तर बघायला जाताना पाण्याची बाटली न्या आणि खोबणीत ओता. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. नाहीतर हाताने उघडायच्या हूडची २.२आय शोधा, तिच्यात बुडायला मोटरच नाही.