शुद्ध तांब्याचं बंडल आणि माझा ‘कच्चा’ डाग

गिटारची केबल घरी बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. वायर, जॅक आणि सोल्डर यांच्या बाजारात एक फसवणूक सर्रास चालते आणि ती पकडली जात नाही. केबल बंद पडली की दुकानदार एवढंच म्हणतो, “दादा, डाग कच्चा बसलाय तुमचा.” (डाग म्हणजे सोल्डर हा धातू वितळवून तार जॅकला जोडलेली जागा.) घरी टेबलावर सोल्डरिंग आयर्न धरून बसणाऱ्या हौशी माणसाला ते लगेच पटतं. माल खोटा असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

मी साताऱ्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती ते नवरात्र हा आमचा सीझन. या दिवसांत केबलचे जे हाल होतात ते स्टेजवर उभं राहिलेल्यालाच ठाऊक. कुणी तिच्यावर खुर्ची ठेवतं, कुणी पाय देतं, आणि कार्यक्रम संपल्यावर पोरं ती कोपराभोवती करकचून गुंडाळतात. केबल मधे सहसा तुटत नाही, तुटते ती जॅकच्या मानेपाशी. तिथून दोन इंच कापायचं, सोलायचं, नवा डाग द्यायचा, की पुन्हा चालू. हे काम मी बरीच वर्षं करतोय, २५ वॅटच्या साध्या सोल्ड्रॉन आयर्नवर. त्यामुळे या वर्षी ठरलं की रेडिमेड केबली घेण्याऐवजी एक बंडल आणायचं आणि गिटार, बेस, कीबोर्ड सगळ्यांच्या केबली घरीच करायच्या.

पुण्याच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. नाव देत नाही, कारण असलं दुकान एकच नाही. काउंटरवर त्यानं वायरचा वीतभर तुकडा ठेवला. वरची रबरी साल मऊ, आत लालभडक तांब्याची दाट विणलेली जाळी, त्याखाली काळ्या प्लॅस्टिकचा पातळ थर आणि मधोमध सिग्नलची तार. मला हवी होती तशीच. वायरच्या सालीवर ‘ओएफसी ९९.९९%’, म्हणजे ऑक्सिजनविरहित शुद्ध तांबं, असं छापलेलं. भावही बाजारभावापेक्षा थोडासाच कमी. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी उलटपावली निघालो असतो. हे त्यालाही माहीत असणार.

बंडल मात्र प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होतं. उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, “सील फोडलं की कंपनी रिप्लेसमेंट देत नाही, दादा. तुकडा त्याच मालाचा आहे.” सोबत पी-३८ मोनोच्या पिना घेतल्या, म्हणजे आपले पाव इंची, ६.३५ मिलिमीटरचे जॅक. खोक्यावर न्यूट्रिक कंपनीचं नाव होतं. सोल्डरचं एक रीळही घेतलं, ६०/४० लिहिलेलं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. बिल मागितलं तर उत्तर आलं, “पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर लागतील.” शेवटी चिठोऱ्यावर ‘वायर १ बंडल, पिन १ बॉक्स, सोल्डर’ एवढंच लिहून मिळालं. तांबं हा शब्द नाही, कंपनीचं नाव नाही, दुकानाचा शिक्का नाही. पैसे यूपीआयनं दिले. खात्यावरचं नावही दुकानाचं नव्हतं.

घरी येऊन सील फोडलं. वरची साल तशीच मऊ, छपाई तीच. पण आत विणलेल्या जाळीऐवजी एकाच दिशेनं गुंडाळलेले विरळ धागे, आणि तो काळा थर गायब. मी दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “नवा लॉट आहे. १००% ओरिजिनल कॉपर.” हा मेसेज मी पुसला नाही, पुढे तोच कामाला आला.

काळा थर हे काही शोभेचं काम नाही. ते प्लॅस्टिक वीजवाहक असतं. केबल हलली, आपटली, तिच्यावर पाय पडला की आतल्या आत घर्षणानं जो खडखडाट तयार होतो तो हा थर जिरवतो. नसेल तर गिटार शांत असतानाही केबल स्पीकरमधून बोलत राहते. (असेल तेव्हा मात्र डाग देताना तो मागेपर्यंत सोलून काढावा लागतो. तो जाळीला आणि मधल्या सिग्नलच्या तारेला एकाच वेळी टेकला तर सिग्नल गळतो, आवाज बसतो आणि कारण सापडत नाही.)

पहिल्या केबली झाल्या, वाजल्याही. डागही चमकदार दिसत होते. मग तालमीतच एकेक बंद पडायला लागली. जॅक उघडला की डाग जागेवर आणि तार मात्र डागाच्या तोंडाशी तुटलेली. पुन्हा सोलून डाग द्यायला गेलो तर सोल्डर पसरेना, गोळा होऊन घरंगळायला लागलं. ज्या हातानं वर्षानुवर्षं केबली दुरुस्त केल्या त्या हाताला अचानक काय झालं हे कळेना.

दुकानदाराला फोन केला. फसवणुकीचा खरा कारखाना इथे सुरू झाला. त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, “आयर्न किती वॅटचं आहे? पंचवीस? मग कसं व्हायचं दादा, जाड वायरला साठ लागतं.” साठ वॅटचं आयर्न त्याच्याकडूनच आलं. त्या उष्णतेनं जॅकच्या आतलं प्लॅस्टिक वितळून टोक वाकडं झालं. त्यावर तो म्हणाला, “जास्त वेळ धरता तुम्ही. फ्लक्स वापरा, झटकन बसेल.” मग फ्लक्सची, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या लेपाची, डबी आली. तिनं खरंच डाग धरला! मी खूश. पण तो पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स होता, झिंक क्लोराइडचा. अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला राळेचा, म्हणजे रोझिनचा फ्लक्स वापरतात. आम्लाचा उरलेला अंश हवेतलं पाणी ओढतो आणि धातू खात बसतो. आमचा सीझन ऐन पावसाळ्यातला. थोड्याच दिवसांत डागांभोवती पांढरी आणि हिरवट पूड धरली. एक खोटं बंडल विकून त्यावर तीन उपाय विकले, आणि प्रत्येक उपायाबरोबर दोष माझ्या हाताचा!

शेवटी आमच्या साऊंडवाल्या अण्णांकडे गेलो. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून दुरुस्ती करत आलेला माणूस. त्यांनी माझा डाग पाहिलाच नाही. वायरचा एक धागा ओढला, ब्लेडनं खरवडला आणि माझ्यासमोर धरला.

“काय दिसतंय?”

“पांढरं, अण्णा.”

“मग तांबं कुठाय?”

मग लायटर घेतला. जुन्या केबलचा धागा ज्योतीत धरला तर लाल झाला, काळा पडला, पण उभा राहिला. नव्या बंडलातला धागा वाकला, आखडला आणि टोकाला थेंब होऊन लोंबला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. लायटरच्या ज्योतीत ॲल्युमिनियमचा बारीक धागा टिकत नाही, तांब्याचा टिकतो. “डाग तुझा चांगला हाय रं,” अण्णा म्हणाले, “पर कशाला देतोयस त्ये बघ की.”

या मालाला सीसीए म्हणतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. तो स्वतः बेकायदा नाही, काही कामांना तो उघडपणे वापरतात. तांबं सांगून विकणं ही फसवणूक. वरच्या तांब्याला सोल्डर छान धरतं, म्हणून पहिला डाग चमकतो. पण वितळलेलं कथील तांब्याला स्वतःत विरघळवतं. मुलामा मुळातच पातळ, त्यात आयर्न जास्त वेळ टेकवलं किंवा दुसऱ्यांदा डाग दिला की तो संपतो आणि खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं. ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडची कडक साय धरते आणि त्यावर नेहमीचं सोल्डर बसत नाही. वर हे धागे वाकवण्याला तांब्याइतके टिकत नाहीत. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचा घात दोन्हीकडून: तार लवकर तुटते, आणि तुटली की पुन्हा जोडता येत नाही.

आवाजानं हे कधीच कळणार नाही. सीसीएचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, पण गिटारचा पिकअपच (तारांची कंपनं पकडणारी कॉइल) काही हजार ओहमचा आणि ॲम्पचा इनपुट दहा लाख ओहमच्या आसपास, तिथे केबलचा एखादा ओहम कोण विचारतो? आणि मल्टिमीटरचा बझर तर एकच धागा शिल्लक असला तरी आनंदानं वाजतो. खरं सांगायचं तर ‘ओएफसी’ हाच अर्धा पोकळ शब्द आहे. साधं विद्युत तांबंही ९९.९० टक्के शुद्ध असतं, आणि पाच-सहा मीटरच्या गिटार केबलमध्ये त्यापुढच्या शुद्धतेचा फरक कानाला कळत नाही. मी पैसे मोजले ते ऐकू न येणाऱ्या गुणासाठी, आणि मिळालं तेही नाही.

जॅकचंही तेच. न्यूट्रिकच्या ज्या मालिकेचं नाव खोक्यावर होतं तिचं टोक आणि दांडा अखंड घडवलेला असतो, रिव्हेट नसते. माझ्या पिनांची टोकं रिव्हेटनं ठोकलेली निघाली आणि बोटांनी फिरत होती. टोक फिरलं की आतला संपर्क तुटतो आणि पुन्हा आपण डागाला बोल लावतो. चुंबक धरला तर कट्कन चिकटला. पितळेवर निकेलचा मुलामा असेल तर ओढ नावापुरतीच असते, इतका जोर म्हणजे आत लोखंड. सोल्डरबद्दल मी ठाम बोलणार नाही. ६०/४० चं सोल्डर १८३ ते १९० अंशांत वितळून चमकदार थिजायला हवं, माझ्या रिळाचं राखाडी आणि दाणेदार थिजत होतं. पण बिनशिशाचं सोल्डरही असंच मंद दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून कुणाला चोर ठरवू नका.

लोक बंडल वजन करून बघायला सांगतात. इन्स्ट्रुमेंट केबलला त्याचा फार उपयोग नाही, तिच्या वजनात सालीचाच वाटा मोठा असतो. भंगारवाला जास्त हुशार निघाला. खराब झालेले तुकडे द्यायला गेलो तर त्यानं टोकाला कानस घासली आणि क्षणात ॲल्युमिनियमचा भाव सांगितला.

दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं गेलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. या पाटीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मग त्यानं दुसरा डाव टाकला, “तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही.” हेही अर्धसत्य. पुन्हा विकण्यासाठी घेतलं तर ग्राहक नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्यात बसते. मी त्याला त्याचाच ‘१००% ओरिजिनल कॉपर’वाला मेसेज दाखवला आणि त्याच्यासमोरच १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. सूर लगेच बदलला. न वापरलेल्या पिना आणि न कापलेली वायर परत घेतली, त्याचे पैसे त्याच यूपीआयवर आले. कापलेल्या वायरचे, आयर्नचे आणि फ्लक्सचे नाही. त्यासाठी तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

आता मी वायर घेताना बंडल समोर फोडायला लावतो आणि त्याच बंडलाच्या टोकाचा तुकडा विकत घेऊन काउंटरवरच खरवडतो. एक खबरदारी घ्या: कल्हई केलेली तांब्याची तार बाहेरून पांढरी असते, पण खरवडली की आत लाल निघते. खोट्या तारेत उलटं, बाहेर लाल, आत पांढरं. लायटर काढला की चांगला दुकानदार हसतो, दुसरा सांगतो दुकानात आग चालत नाही. बिलावर ‘तांब्याची वायर’ आणि जॅकच्या कंपनीचं नाव लिहून घेतो, १८ टक्के देऊन.

कुणाकडे अशा बंडलातून केलेल्या केबली चालू अवस्थेत असतील तर घरी रियाजाला वापरा, कार्यक्रमाला नेऊ नका. आम्लाचा फ्लक्स लावलेली टोकं कापूनच टाका, पुसून भागत नाही. आणि ॲम्पच्या हेडपासून (बिनस्पीकरच्या ॲम्पपासून) स्पीकर कॅबिनेटपर्यंत तर या केबली चुकूनही जोडू नका. अस्सल तांब्याची गिटार केबलही त्या कामाची नाही. तिथे गिटारच्या सिग्नलच्या कितीतरी पट करंट वाहतो, आणि ही बारीक तार तापली तर आधी साल वितळेल, मग ॲम्पचं काय होईल ते तुमच्या ॲम्पवर आहे.