दुबईत फ्लॅट घेतला: पुण्यातल्या एजंटला १ स्टार, तिकडच्या बाईंना ४

नाव कोणाचंच टाकत नाहीये, पुण्यातल्याचं टाकलं तर उद्या नोटीस यायची आणि दुबईवाल्या बाईंचं टाकलं तर लोक म्हणणार पैसे घेऊन लिहिलंय. पण हल्ली बाणेर-बालेवाडी साइडला कुठल्या ना कुठल्या हॉटेलात दुबई प्रॉपर्टीचा एक्स्पो चालूच असतो आणि सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये गाठून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पुणेकर एजंट. ऑफिस चकाचक, टॉवरचं मॉडेल, कॉफी चांगली (१ स्टार त्याचाच). प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं तो ह्यांच्याकडे बघून द्यायचा, ते एक असो. म्हणाला तुमच्याकडून कमिशन शून्य. मग बाबा तुझं भागतं कसं? तर बिल्डर देतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे जे काय होतं ते सगळं बांधकाम चालू असलेलं, रेडी फ्लॅट दाखव म्हटलं की गाडी परत पेमेंट प्लॅनवर. भाडं आठ-नऊ टक्के सुटेल म्हणे, त्यातून सर्व्हिस चार्ज वजा केलास का विचारलं तर "ते मायनर असतं". मायनर नसतं, तिकडे मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर वर्षाचा असतो आणि स्विमिंग पूल-जिमवाल्या बिल्डिंगला चांगलाच बसतो. गोल्डन व्हिसा (तिकडे दीर्घ मुदतीसाठी राहायचा परवाना) पण "होऊन जाईल" म्हणाला, त्याला २० लाख दिरहॅमची प्रॉपर्टी लागते आणि आमचं बजेट होतं ८ लाखाचं.

तरी हे सगळं विक्रीचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण पैसे पाठवायचा विषय निघाल्यावर तो आवाज खाली करून म्हणतो, बँकेतून कशाला, टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो टॅक्स) कापतात, थोडे इकडे कॅशमध्ये द्या, तिकडे दिरहॅम मिळतील. सरळ हवाला! आणि बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डावर लगेच स्वाइप करा हे वेगळंच. आमच्या सीएंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले फेमामध्ये (परकीय चलनाचा कायदा) दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो आणि नोटीस तुम्हाला येणार, त्याला नाही. तिथून उठलो ते उठलोच.

सीएंकडे मात्र एक अख्खी संध्याकाळ बसलो आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. एलआरएस म्हणजे रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची योजना, तिच्याखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेलाच आहे, म्हणजे ८ लाख दिरहॅम साधारण २ लाख १८ हजार डॉलर, खर्च धरून एका माणसाच्या लिमिटात जेमतेम बसतात, म्हणून दोघांच्या नावावर घेतला आणि दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवले. १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के टीसीएस (ही १० लाखाची मर्यादा एप्रिल २०२५ पासून, आधी ७ होती), आणि ती १० लाखाची सूट दोघांना वेगवेगळी मिळते. हा टीसीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो किंवा रिफंड येतो, नोकरीवाल्यांना ऑफिसात कळवून पगारातला टीडीएस पण कमी करून घेता येतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात आणि रक्कम छोटी नसते हो, ती बाजूला काढूनच बजेट ठरवा. ताबा मिळाल्यानंतर पण हप्ते चालू राहतात तो प्लॅन सीएंनी ऐकूनच नको म्हटलं, ती उधारी धरली जाऊ शकते म्हणे.

बँकेत दोन गोष्टी. एक, परकीय चलनाचा छापील कार्ड रेट मुकाट्याने घेऊ नका, मॅनेजरकडे बसून घासाघीस करा, एवढ्या रकमेला पैशा-पैशाने फरक पडतो. दुसरी, नाव. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, पॅनवर वडलांचं, बँकेत नुसतं इनिशियल, आणि बाहेर पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरताना काउंटरवरची मुलगी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू आम्ही तीन बायका आहोत. आधी ते दुरुस्त केलं, मग पैसे हलले. पॅन-पासपोर्ट आजच काढून बघा.

आता दुबईच्या बाई. नणंद शारजात असते, तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलेल्या, केरळच्या आहेत. पहिल्याच कॉलवर स्वतःचा ब्रोकर नंबर त्यांनीच पाठवला, म्हणाल्या दुबई रेस्ट ॲपवर टाकून बघा आणि मगच पुढचं बोलू. दुबई लँड डिपार्टमेंटचं (डीएलडी, तिकडचं सरकारी जमीन खातं) हे ॲप आहे, ब्रोकर खरा का, टायटल डीड (मालकीचा कागद) खरं का, हे त्यात बघता येतं. आपल्याकडे सर्च रिपोर्टसाठी वकील गाठावा लागतो, त्यामानाने सोपं वाटलं. फी पण लेखी, २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट. फ्लॅट दाखवायच्या आधी फॉर्म बी सही करून घेतला, म्हणजे त्या आमच्या एजंट, विकणाऱ्याचा फॉर्म ए त्याच्या एजंटकडे. जेव्हीसीमधला (जुमेरा व्हिलेज सर्कल, दुबईतला एक भाग) एक फ्लॅट मला फोटोवरून फार आवडलेला, तर बाईंनी समोर उभा होत असलेला टॉवर व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि म्हणाल्या, वर्षभराने बाल्कनीतून हाच दिसणार. कमिशन मिळत असताना नको म्हणणारा एजंट मी तरी पुण्यात अजून बघायचाय.

घेतला तो त्याच भागात, रेडी, एक बेडरूमचा. फॉर्म एफ म्हणजे आपल्या साठेखतासारखं, सोबत १० टक्के डिपॉझिटचा चेक जो एजंटकडे राहतो. मग बिल्डरची एनओसी, विकणाऱ्याची सर्व्हिस चार्जची बाकी निघाली ती त्याने भरल्याशिवाय मिळाली नाही. डीएलडीची फी ४ टक्के, म्हणजे ३२ हजार दिरहॅम, वर ट्रस्टी ऑफिसचे (जिथे फ्लॅट नावावर होतो) ४ हजार अधिक व्हॅट. पुण्यात आपण स्टॅम्प ड्युटीच ७ टक्के भरतो (बाईच्या नावावर ६), तेव्हा रडायचं कारण नाही.

कोंडी झाली ती मॅनेजर्स चेकची (आपल्या डीडीसारखा, बँकेनेच काढलेला). ट्रान्सफरच्या दिवशी विकणाऱ्याच्या हातात तिकडच्या बँकेचा चेक द्यावा लागतो आणि तिथे राहत नसाल तर खातं उघडायलाच बँका घाम काढतात. हे काम फ्लॅट शोधायच्या आधी सुरू करा. नणंदेला पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन मोकळं व्हायचा विचार होता, पण नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खातं, मुंबईतलं युएईचं कॉन्सुलेट आणि वर तिकडे अरबी भाषांतर ही वरात ऐकून आम्हीच विमानात बसलो. ट्रस्टी ऑफिसात टोकन, चहा, चेकवरचं स्पेलिंग बाईंनी पेन टेकवत अक्षर-अक्षर तपासलं, सह्या झाल्या आणि टायटल डीड तिथेच हातात, आपल्या रजिस्ट्रार ऑफिसची सवय असलेल्या माणसाला खोटंच वाटतं.

१ स्टार का कापला? कमिशन मिळाल्यावर बाई थंडावल्या. वीज-पाण्याचं डेवाचं कनेक्शन, २ हजार दिरहॅम डिपॉझिट, ते सगळं नणंदेने धावपळ करून केलं, भाडेकराराची नोंदणी (इजारी) पण तिनेच. आणि मृत्युपत्राबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, ते सीएंनी सांगितलं, मुस्लिमेतरांसाठी डीआयएफसीमध्ये (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर) रजिस्टर करता येतं, ते अजून बाकी आहे. तिकडे भाड्यावर इन्कम टॅक्स नाही पण इकडे आहे, आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) फ्लॅट दाखवायचाच, लपवला तर ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड. सीए कर्वे रोडचे आहेत, फी घेतात पण फोन उचलतात, त्यांना ५ स्टार.