फॅमिलीसर्च : अर्धवट माहितीचे पूर्वज नोंदवायचे असतील तर

बडोद्यातल्या मराठी घरांत पूर्वजांची माहिती साधारण अशी असते: श्राद्धाच्या संकल्पात येणारी तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र, तिथी पक्की पण साल नाही, आणि आज्या-पणज्यांची फक्त सासरची नावं. एवढ्या भांडवलावर ऑनलाइन सामायिक वंशवृक्ष मांडायचा तर फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ सोयीचं पडतं. फुकट आहे. पण झाड एकच, सगळ्या जगाचं. मृत व्यक्तीची नोंद कुणीही बदलू शकतो. जिवंत माणसांच्या नोंदी खासगी राहतात.

त्याचा मोठा गुण म्हणजे कोरे रकाने चालतात. नाव किंवा आडनाव यांपैकी एक भरलं आणि व्यक्ती मृत असल्याची खूण केली, की साल नसतानाही नोंद होते. पणजीचं माहेरचं आडनाव ठाऊक नसेल तर तो रकाना रिकामाच सोडा. ‘अननोन’ लिहू नका, सासरचं आडनाव तर नकोच, नाहीतर ती नवऱ्याची चुलतबहीण वाटते. सासरचं नाव पर्यायी नावांत ‘मॅरिड नेम’ म्हणून घाला, देवनागरी रूपही तिथेच. आपल्याकडे लग्नात आडनावासकट नावही बदलायचं, म्हणून हे टाळू नका. बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे यांच्या दोन्ही राण्या चिमणाबाईच: पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, दुसऱ्या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. माहेरचं नाव नसतं तर ‘पॉसिबल डुप्लिकेट’ (दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात, ही साइटची सूचना) बघून एखादा उत्साही दोघींची एक करून मोकळा झाला असता.

हाच घोळ आजोबा-नातवाच्या नावांत होतो. गोविंद विनायक, विनायक गोविंद, पुन्हा गोविंद विनायक! साल कोरं असेल तर पहिला आणि तिसरा गोविंद एकच वाटतात. इथे मात्र अंदाज द्यावा. थोरल्या मुलाच्या जन्मसालातून २५ वजा करा, ‘अबाउट १८८०’ असं लिहा आणि खाली सुचवलेली प्रमाण तारीख निवडा. कारणाच्या चौकटीत हिशोब मांडा: ‘मुलाचा जन्म १९०५, त्यावरून अंदाज’. ही चौकट बहुतेक जण कोरी सोडतात आणि मग अंदाजच खरा म्हणून पुढे चालतो. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीखही सावधपणे घ्या. शाळेत घालताना ठोकून दिलेली असण्याचा संभव फार.

जुन्या कागदावर इथला, म्हणजे गुजरातेतला विक्रम संवत असेल तर इसवी सनासाठी ५६ वजा करा. दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा ७९. नुसती तिथी तारखेच्या रकान्यात कोंबू नका, टिपणात ठेवा.

स्थळाच्या बाबतीत यादीतलं पहिलं नाव पटकन निवडलं जातं आणि १९१० सालचा माणूस गुजरात राज्यात जन्मतो. बडोदा संस्थान मुंबई राज्यात १९४९ साली विलीन झालं, गुजरात राज्य १९६० चं. शिवाय ‘बडोद्याला नोकरीत होते’ म्हणजे नवसारी, अमरेली किंवा मेहसाणाही असू शकतं. गाव पक्कं नसेल तर बडोदा संस्थान एवढंच पुरे.

दत्तकाची सोय छान आहे. एका व्यक्तीला आईबापांच्या दोन जोड्या लावता येतात आणि नात्याचा प्रकार निवडता येतो. सयाजीरावांचंच बघा: जन्म कवळाण्याचा, वडील काशीराव, आणि १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी घेतलेलं दत्तक. दत्तक गेलेल्याचे जन्मदाते पुसून टाकू नयेत. कुळवृत्तांतातली शाखा नेमकी तिथेच तुटते.

विकीट्री हे असंच दुसरं सामायिक वंशवृक्षाचं संकेतस्थळ, तेसुद्धा फुकट. तिथे तारखेला आणि आईवडिलांच्या नात्याला ‘अनिश्चित’ अशी खूण करता येते, हे फॅमिलीसर्चपेक्षा सरस. मात्र जन्माचं आडनाव हवंच, नसेल तर ‘अननोन’ लिहावं लागतं. जन्म किंवा मृत्यूचं निदान अंदाजी सालही द्यावं लागतं. त्यामुळे पुरावे जमवलेल्यांना ते आवडेल. नुसती नावं हाती असलेल्यांनी तिथून सुरुवात करू नये.

फॅमिलीसर्चवर चुकीचं एकत्रीकरण बदलांच्या यादीतून मागे घेता येतं, पण त्यानंतर कुणी आणखी भर घातली असेल तर निस्तरायला वेळ जातो. म्हणून प्रत्येक पूर्वजाच्या पानावर ‘फॉलो’ दाबून ठेवा; बदल झाले की ईमेल येतो. ‘पॉसिबल डुप्लिकेट’मध्ये परका माणूस दिसला तर तो वेगळा असल्याची खूण करून कारण लिहा: गोत्र वेगळं, गाव वेगळं, जे असेल ते.