जुन्या मुद्राचित्रांच्या कागदाची तपासणी : नौपाड्यातील एका स्कॅनिंग सेवेविषयी

ठाण्यातील नौपाड्यात, राम मारुती रस्त्याच्या मागच्या बाजूला असलेली ही छोटी सेवा मुख्यतः जुनी कागदपत्रे आणि फोटो स्कॅन करून देते. मात्र मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावरून किंवा दगडावरून कागदावर छापलेले चित्र, घेऊन गेल्यास चित्राबरोबर त्याच्या कागदाचेही छायाचित्रण आणि मोजमाप करून मिळते, आणि माझ्या मते तिथे जाण्याचे खरे कारण हेच आहे.

चित्र आधी समोरून, मग एका बाजूने पडणाऱ्या तिरक्या उजेडात आणि शेवटी खालून उजेड देऊन, कॅमेरा जराही न हलवता टिपले जाते. तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने कागदात रुतलेली चौकट तिरक्या उजेडात दिसते. शिळाछाप चित्रात ती नसते. खालच्या उजेडात कागदाची वीण दिसते, पण शाईही दिसते. म्हणून समोरच्या प्रतिमेच्या आधारे शाईचा भाग संगणकावर वजा करतात. माझ्या एका अम्लरेखनात (पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रात) गडद झाडीखाली दडलेले जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण, इतकी वर्षे डोळ्यांना दिसले नव्हते. या वजाबाकीनंतर त्याची वळणदार कड पडद्यावर स्पष्ट उमटली.

खरे मोल मात्र मोजमापाचे आहे. जुन्या युरोपीय हातकागदाच्या साच्यात जवळजवळ बसवलेल्या बारीक तारा असतात आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या तारा साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर असतात. तारेवर लगदा पातळ बसतो, म्हणून तिथून उजेड अधिक येतो आणि तारेची रेघ दिसते. साचा हाताने बांधलेला असल्यामुळे आडव्या तारांमधली ही अंतरे सहसा तंतोतंत सारखी नसतात आणि त्यांचा क्रम हीच त्या साच्याची ओळख ठरते. डच चित्रकार रेम्ब्राँच्या अम्लरेखनांचे एकाच साच्यातून निघालेले कागद अभ्यासक याच आधारे जुळवतात. विक्रेत्याने अठराव्या शतकातले म्हणून दिलेल्या माझ्या दुसऱ्या चित्रात या रेघा होत्या खऱ्या, पण त्यांची अंतरे इतकी एकसारखी निघाली की कागद यंत्रावरचा असावा, असे मानणे भाग पडले. यंत्राच्या ओल्या कागदावर डँडी रोल, म्हणजे तारांचा रूळ, फिरवून अशा रेघा उमटवण्याची सोय 1820 च्या दशकात झाली. मूळ पत्रा जुना असू शकेल, पण छाप त्यानंतरची दिसते. अहवालात हा भेद नेमक्या शब्दांत मांडला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

रविवर्मा छापखान्याची शिळाछाप चित्रे घेऊन जाणाऱ्यांनी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या या छापखान्याची अनेक चित्रे आज पुठ्ठ्यावर चिकटवलेली आढळतात आणि पुठ्ठ्यातून उजेड आरपार जात नाही. अशा चित्रासाठी तिरक्या उजेडाचेच पैसे घेतले जातात, हे योग्यच आहे.

उणिवा दोन. खोलीतील आर्द्रतेची नोंद अहवालात नसते. ओल शोषून कागद पसरतो, त्यामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात घेतलेले माप उन्हाळ्यातील मापाशी ताडून पाहताना ती नोंद हाताशी हवी. दुसरे म्हणजे, मागितल्याशिवाय फक्त जेपेग प्रती मिळतात आणि त्यांत बारीक तारांच्या रेघा पुसट होतात. काम देतानाच मूळ टिफ फाइल हव्यात आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसायला हवी, असे लेखी सांगावे. त्या फाइल पुढे इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरीही मोजून पाहता येतात.