डीन कूंट्झचं 'फँटम्स' : पूर्वार्धासाठी तरी वाचाच

हॉरर वाचणाऱ्यांनी हे पुस्तक सोडू नका. अमेरिकन लेखक डीन कूंट्झची १९८३ ची कादंबरी आहे, मोबाईल-इंटरनेट काही नाही त्यात, पण भीती अजून तशीच ताजी आहे. कॅलिफोर्नियातल्या डोंगरात स्नोफील्ड नावाचं छोटं गाव, हिवाळ्यात स्कीइंगवाल्यांची गर्दी, एरवी वस्ती जेमतेम पाचशेची. तिथली डॉक्टर जेनी पेज आपल्या १४ वर्षांच्या बहिणीला, लिसाला, कायमची राहायला घेऊन येते, कारण आई नुकतीच गेलेली. गाडी गावात शिरते तर रस्त्यावर एक माणूस नाही. घरात जातात तर स्वयंपाकघरात घर सांभाळणाऱ्या बाई मरून पडलेल्या, अंग सुजलेलं, सगळं काळंनिळं. शेजारी सांगायला जातात तर तिथं कोणीच नाही, त्याच्या पुढच्या घरात पण नाही.

इथून पुढं लेखक अजिबात घाई करत नाही आणि तेच मला सगळ्यात आवडलं. एकेक दार उघडत नेतो. जेनी फोन उचलते, डायल टोन येत नाही, पण लाईन मेलेली पण नाही, पलीकडं कोणीतरी गप्प राहून ऐकतंय असं तिला वाटत राहतं. मग बेकरी. टेबलावर लाटणं आहे आणि त्याच्या दोन्ही मुठी धरलेले दोन हात, मनगटापासून तुटलेले, आणि माणूस कुठंच नाही. नुसतं रक्त सांडून घाबरवणारी पुस्तकं ढीगभर मिळतात, पण चालू कामाच्या मधोमध हात तसेच राहिलेत हे जे दाखवलंय ना, ते डोक्यातून जात नाही.

आपल्याकडच्या माणसाला रिकामं गाव काही नवीन नाही खरं तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, निम्मं शहर घरं सोडून बाहेर. पाणी उतरल्यावर मी सांगलीतल्याच गावभाग या वस्तीत ओळखीच्यांच्या घरी गेले होते, आत गुडघाभर चिखल आणि कुबट वास, पण घर बघूनच कळत होतं माणसं कशी निघाली ते. कागदपत्रांची पिशवी, देव्हारा जागेवर नाही म्हणजे बरोबर नेला, धान्याचे डबे माळ्यावर, टीव्ही पलंगावर आणि पलंगाखाली विटा, दाराला कुलूप. प्लेगच्या वेळच्या गोष्टी पण आपण ऐकलेल्याच आहेत, घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. तिकडं मालवणजवळ आचऱ्याला तर गावपळण असते, तीन दिवस तीन रात्री सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर. पण या सगळ्यात जाणारा माणूस काहीतरी आवरून जातो, मागं वळून बघतो, परत यायचं म्हणून किल्ली जपून ठेवतो. स्नोफील्डमध्ये कोणी काहीच आवरलेलं नाही, अर्धं जेवण तसंच टेबलावर. रिकाम्या गावात खरी भीती कशाची वाटते हे कूंट्झला बरोबर कळलंय असं मला ठामपणे वाटतं.

मग शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, ब्राइस हॅमंड माणसं घेऊन येतो, आतून बंद असलेल्या एका बाथरूमच्या आरशावर टिमथी फ्लाइट असं नाव लिहिलेलं सापडतं, आणि हे फ्लाइट म्हणजे लंडनमधले एक म्हातारे अभ्यासक, माणसं गटागटानं गायब होण्यावर पुस्तक लिहिलेले. इथं रोआनोकचा संदर्भ येतो, तो खरा इतिहास आहे. १५८७ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांची शंभरावर माणसांची वसाहत झाली, गव्हर्नर सामान आणायला इंग्लंडला गेला आणि १५९० मध्ये परत येऊन बघतो तर कोणीच नाही, फक्त एका खांबावर 'क्रोएटोअन' कोरलेलं.

आता नावडलेलं. गाव रिकामं करणारा शत्रू एकदा समोर आला की तो बोलायला लागतो आणि बोलतच राहतो, तिथं माझी भीती निम्म्यानं उतरली. लष्कराची टीम येते तो भाग लांबलाय. बायको-मुलाला मारलेल्या एका खुन्याचं उपकथानक आहे, ते काढून टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हा पॅरा सोडून द्या. शत्रू म्हणजे एक प्राणी, त्याचं अंग तेलासारख्याच पदार्थाचं, म्हणून त्याला हरवायचं साधन म्हणजे तेल खाणारे बॅक्टेरिया, आणि ही कल्पना हवेतली नाही. बंगालमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी कच्चं तेल खाणारा जीवाणू तयार केला होता आणि जिवंत गोष्टीवर पेटंट मिळतं का यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ असा त्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे पुस्तकाच्या तीनच वर्षं आधीची बातमी! भुताला मंत्र-अंगारा न लावता प्रयोगशाळेतून उत्तर आणलं हे मला फार आवडलं.

इंग्रजी सोपं आहे, छोटी छोटी प्रकरणं आहेत, त्यामुळं एरवी मराठीच वाचणाऱ्यांना पण जड जाणार नाही. दहावी-बारावीच्या पोरांना द्यायला हरकत नाही, त्याहून लहानांना नको, प्रेतांची वर्णनं फार सविस्तर आहेत. १९९८ मध्ये यावर सिनेमा आला, पटकथा कूंट्झचीच, बेन अ‍ॅफ्लेक शेरीफ आणि पीटर ओ'टूल फ्लाइट. ओ'टूल मस्तच, पण पुस्तकात घराघरातून फिरताना जो वेळ मिळतो तो सिनेमात नाही, म्हणून आधी पुस्तक वाचा आणि मग सिनेमा बघा.