प्राथमिक शिक्षक व्हायचे आहे: एकात्मिक अभ्यासक्रम घ्यावा की पदवीनंतरचे एक वर्ष?

प्राथमिक वर्गांना शिकवायचे ठरले की साधारणपणे दोन वाटा दिसतात. शालेय शिक्षण संपताच चार-पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला जायचे आणि विषय व अध्यापन बरोबरीने शिकायचे, ही एक. आधी एखाद्या विषयाची पदवी घ्यायची आणि मग वर्षभराचे प्रशिक्षण घ्यायचे, ही दुसरी. मी विज्ञानाची पदवी घेऊन दुसऱ्या वाटेने निघालो, एक सत्र पुरे केले आणि ते सोडून एकात्मिक अभ्यासक्रमाला गेलो. प्रवेशाच्या अटी आणि विषयांची यादी माहितीपत्रकात असतेच, म्हणून येथे केवळ मला जो फरक जाणवला तो लिहितो.

पदवीनंतरच्या वर्षाची बाजू दुबळी आहे असे मी म्हणणार नाही. अठराव्या वर्षी शिक्षक व्हायचे की नाही हे ठरवण्यापेक्षा बाविसाव्या वर्षी ठरवणे अनेकांच्या दृष्टीने शहाणपणाचे असते, आणि या वर्गांत येणारे लोक बहुधा विचार पक्का करूनच आलेले असतात. एका वर्षात शाळेचा अनुभव कमीच मिळतो, हाही समज सरसकट खरा नाही. इंग्लंडमध्ये पदवीनंतरच्या अशा अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थ्याने वर्षाचा मोठा भाग शाळेत काढावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मी पाहिलेल्या एका महाविद्यालयापुरते आहे, हे आधीच मान्य करतो.

माझे मन उडाले ते सराव पाठांच्या पद्धतीमुळे. पहिले काही आठवडे आमचे सूक्ष्म अध्यापन चाले, म्हणजे एक जण शिकवणार आणि उरलेले दहा-बारा पदवीधर बाकांवर बसून दुसरीतली मुले होणार. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली, तेव्हा समोर खरे विद्यार्थी बसवत असत. पुढे सोय म्हणून अनेक ठिकाणी त्यांची जागा सहाध्यायांनी घेतली. मी हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घेतला. ५२ वजा २७ किती, असे विचारल्यावर ठरल्याप्रमाणे एका मित्राने चुकीचे उत्तर दिले, २४. मी फळ्यावर ते दुरुस्त केले आणि निरीक्षकांनी माझ्या टाचणवहीत, म्हणजे पाठाचा आराखडा लिहायच्या वहीत, प्रश्नकौशल्याला चांगला शेरा दिला.

महिन्याभराने तोच पाठ खऱ्या दुसरीच्या वर्गात घेतला, तेव्हा एका मुलीने पाटीवर ३५ लिहिले. तिच्या शेजारच्या मुलाचेही ३५ आणि मागच्या बाकावरही ३५. तिला विचारले तर तिने अगदी स्वच्छ सांगितले, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहानच वजा करायचे असते ना?" तिचा नियम तिने मनाने काढलेला नव्हता, एकअंकी वजाबाकी शिकताना तो तिला कोणीतरी दिलेला होता, आणि तिथपर्यंत तो चाललाही होता. आम्हा बारा पदवीधरांपैकी एकालाही अशी चूक सुचली नव्हती, कारण आमची खोटी चूक म्हणजे केवळ बरोबर उत्तराच्या जवळचा आकडा. मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. तास संपला, आणि माझा पुढचा पाठ दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या विषयाचा होता. त्या मुलीची ती अडचण पुढे सुटली की नाही, हे मला कधीच कळले नाही.

पाठांची ठरलेली संख्या पुरी करायची, प्रत्येक पाठ वेगळ्या वर्गावर घ्यायचा आणि शिकवल्याचे पुढे काय झाले हे पाहायला कोणी थांबायचे नाही, ही गोष्ट मला इतकी खटकली की तेवढ्यावर मी निर्णय घेतला.

एकात्मिक अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी मला एकाच शाळेत, एकाच वर्गाबरोबर सलग चार महिने मिळाले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने तीच चूक केली. माझ्या मार्गदर्शक शिक्षिकांनी मला फळ्याकडे जाऊ दिले नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून मला त्याच्याकडे सत्तावीस काड्या मागायला सांगितले. दोन सुट्या काड्या देऊन झाल्यावर तो थबकला, मग त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढले. मला वाटले, जमले. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा ३५ होते. काड्यांचा गठ्ठा सोडणे आणि कागदावर दशक मोडणे ही एकच क्रिया आहे हे त्याच्या लक्षात यायला आणखी तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस माझ्या वाट्याला आले याचे मोल मी कशाशीही करणार नाही. मुलाला समजलेले दुसऱ्या दिवशी निसटते, ही गोष्ट व्याख्यानात ऐकून कळत नाही.

दुसरा फरक विषयज्ञानाचा आहे आणि तो मला अनपेक्षित होता. पदवीधराला प्राथमिक गणित येते असे पहिल्या महाविद्यालयाने गृहीत धरले होते, आणि मीही. नव्या ठिकाणी दुसऱ्याच आठवड्यात सरांनी पावणेदोनला अर्ध्याने भागायला सांगितले आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले. साडेतीन हे उत्तर मी लगेच काढले. उदाहरण मात्र पावणेदोन मीटर दोरी दोघांत वाटण्याचे लिहिले, म्हणजे भागाकार अर्ध्याने न होता दोनाने झाला. अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील, असे विचारायला हवे होते. गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या लीपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच गणित आहे. २३ अमेरिकन प्राथमिक शिक्षकांपैकी २१ जणांनी ते सोडवायला घेतले आणि नऊ जणांचे उत्तर बरोबर आले. ७२ चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे बरोबर आले, आणि त्यांतील बहुतेकांनी योग्य उदाहरणही रचून दाखवले. त्या चिनी शिक्षकांचे एकूण शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. तेव्हा एकात्मिक अभ्यासक्रम लांब आहे म्हणून चांगला, असा हिशेब मी करत नाही. तिसरी-चौथीचे गणित हा स्वतंत्र, गंभीर विषय म्हणून तो शिकवतो का, एवढेच मी पाहतो. वाचन शिकवण्याबाबतही तेच. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध मुलाला कसा उमगतो, याला पुरा एक अभ्यासविषय दिलेला असावा, 'भाषा अध्यापन' या मथळ्याखाली दोन तासांत तो उरकलेला नसावा.

एकात्मिक अभ्यासक्रमातही उणिवा आहेत. पहिल्या दोन वर्षांत शाळेचे दर्शन फारसे होत नाही, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राची टिपणे पुष्कळ लिहावी लागतात, आणि शिकवणे आपले काम नाही असे तिसऱ्या वर्षी कळले तर हाती दुसरे काही उरत नाही. फिनलंडमध्ये १९७९ पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा असतात, त्यामुळे तेथे ही लांबी सार्थकी लागण्याची शक्यता अधिक. सगळीकडे तशी सोय नसते.

ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे, किंवा ज्यांची पदवी आधीच झालेली आहे, त्यांना आणखी चार वर्षे द्या असे मी सहजपणे सांगू शकत नाही. त्यांनी एका वर्षाचाच मार्ग घ्यावा, पण प्रवेशापूर्वी तेथील जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे, की एकाच वर्गाबरोबर सलग किती आठवडे मिळाले आणि आज शिकवलेले उद्या तपासायची संधी होती का. उत्तर 'वीस पाठ पूर्ण करावे लागतात' अशा स्वरूपाचे आले, तर मी दुसरे महाविद्यालय शोधीन. निवड मोकळी असेल, तर मात्र मी पुन्हा एकात्मिक अभ्यासक्रमच घेईन, आणि या वेळी ते एक सत्रही दुसरीकडे घालवणार नाही.